सराटा, सरकी आणि पाळणा

पाऊस पडून गेला की माण-खटाव, आटपाडी, जत भागातल्या माळांवर सराटा जमिनीलगत पसरतो. फुलं पिवळी, इवली आणि काटे सायकलची ट्यूब पंक्चर करणारे. याच सराट्याचं, म्हणजे गोखरूचं, चूर्ण मूल होत नसलेल्या पुरुषाला दुधातून द्यायची आपल्याकडे जुनी रीत. चिनी वैद्यही हीच फळं वापरतात, पण मुख्यतः डोकेदुखी, डोळ्यांची लाली आणि खाजेवर. पुरुषांसाठी त्यांचा नावाजलेला उपाय म्हणजे पाच बियांची गोळी. त्यातली एक बी अमरवेलीच्या कुळातली, दुसरी इसबगोलाच्या.

गुण येतो का? शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा आठवड्यात फरक पडल्याचा दावा टिकत नाही. शिवाय एकाच माणसाचा शुक्राणूंचा आकडा तापाने, उष्णतेने खालीवर होतो. एकदा कमी आलेला आकडा पुढच्या तपासणीत आपोआपही वर जातो, आणि श्रेय मिळतं पुडीला. म्हणून तुलनेला औषध न घेतलेला गट लागतो. चिनी औषधांच्या बऱ्याच चाचण्या इथेच तोकड्या पडतात. आधुनिक गोळ्यांनाही सूट नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांमध्ये पुरुषांना जस्त आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला, पाळणे काही वाढले नाहीत.

वनस्पतींत दम नसतो असं मात्र नाही. चीनच्या हेबेई प्रांतात कच्च्या सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनाशी झाली. कारण निघालं सरकीतलं गॉसिपॉल. १९७० च्या दशकात ते पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून आठ हजारांहून अधिक जणांना दिलं गेलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. संधिवातावरची एक चिनी वेलही शुक्राणू घटवते. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे ऐकलं की मला म्हणूनच धास्ती वाटते.

आणि तपासायला आजही आधी सुनेलाच नेतात! जवळपास निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाकडे, निदान पुरुषाकडेही असतो. वीर्यतपासणी साधी आहे: दोन ते सात दिवसांचा संयम, आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत. अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, डॉक्टरांना माणूस उभा असताना हाताला लागतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेने आकडा सुधारतो. मिरज-कऱ्हाडला ही सोय आहे. जाताना घेत असलेल्या पुड्याही सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.