पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमबीए सीईटीचा निकाल लागला की संध्याकाळी मुरबाडच्या एखाद्या घरात साधारण असं बोलणं होतं. "किती पडले?" "ब्याऐंशी." "वा, डिस्टिंक्शन!" मग पेढे येतात. पुढे गुणवत्ता यादी लागते, त्यात पोरीचं नाव हजारोंच्या मागे दिसतं, आणि पेढे आणणाऱ्याला वाटतं की कुठेतरी घोटाळा झालाय. घोटाळा झालेला नसतो. ते ब्याऐंशी पर्सेंटाइल होते, आणि पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. तो रांगेतला नंबर आहे.

स्कोअर कार्डावरचा आकडा

एमबीए-एमएमएस सीईटीत 200 प्रश्न, 200 मार्क आणि 150 मिनिटं असतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून उठण्यात शहाणपण नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि दर सत्राचा पेपर वेगळा असतो. सकाळचा सोपा गेला, दुपारचा जड गेला, असं होणारच. म्हणून तुमची तुलना आधी फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी होते.

हिशेब सोपा आहे. समजा तुमच्या सत्रात 10,000 जण बसले. त्यांपैकी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळवणारे, तुम्हाला धरून, 8,200 निघाले. 8,200 ला 10,000 ने भागा, 100 ने गुणा: 82 पर्सेंटाइल. म्हणजे त्या एका सत्रात 1,800 जण तुमच्या पुढे आहेत. अशी दहा सत्रं झाली असतील तर रांगेत साधारण 18,000 जण पुढे. पेढ्यांचा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा.

यातूनच आणखी दोन कोडी सुटतात. किन्हवलीची मुलगी आणि तिची शहापूरची मैत्रीण, दोघींना 110 मार्क, तरी पर्सेंटाइल वेगळे, कारण सत्रं वेगळी. आणि सत्रात पहिल्या आलेल्याला 100 पर्सेंटाइल मिळतात, त्याचे मार्क 200 पैकी 160 असले तरी. दशांश चिन्हापुढे सात आकडे छापलेले पाहून बिचकू नका. लाखाहून जास्त मुलांची एकच रांग लावायची तर एकाच आकड्यावर कमीत कमी जण यावेत, एवढाच त्यांचा उपयोग.

कार्ड मिळवायचं कसं

स्कोअर कार्ड पोस्टाने येत नाही. ते आणायला कसारा लोकल धरून फोर्टातल्या राज्य सीईटी कक्षाच्या कार्यालयातही जावं लागत नाही. कक्षाच्या वेबसाइटवर स्वतःच्या लॉगिनने आत गेलं की पीडीएफ उतरवून घेता येते. सगळं अडतं ते या 'स्वतःच्या' शब्दापाशी.

आपल्याकडे बरेच फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रात भरले जातात. त्यात वाईट काही नाही. पण गर्दीच्या वेळी दुकानदार स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्ड वहीच्या कोपऱ्यात लिहितो आणि विसरतो. माझ्या भाच्याच्या फॉर्ममध्ये तर मोबाइल नंबरही दुकानदाराचाच होता. ऐन गरजेच्या दिवशी गृहस्थ सासुरवाडीला लग्नाला गेलेले, आणि ओटीपीही त्यांच्याबरोबर वऱ्हाडात. 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलेलं धसई याच मुरबाड तालुक्यातलं. त्या तालुक्यात एका पासवर्डसाठी ही धावपळ.

तेव्हा फॉर्म कोणीही भरो, ईमेल आणि मोबाइल नंबर उमेदवाराचाच हवा, आणि अर्ज क्रमांक दुकानातून उठण्याआधी स्वतःच्या वहीत उतरलेला हवा. वडिलांचा नंबर दिला असेल तर वर्ष संपेपर्यंत ते सिम बंद पडू देऊ नका. पीडीएफ मिळाली की नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि प्रवर्ग लगेच तपासा. एक प्रत ईमेलमध्ये ठेवा, एक छापून घ्या. हे कार्ड त्या वर्षीच्या प्रवेशापुरतंच चालतं.

मार्क कमी वाटले तर

दहावी-बारावीसारखी फेरतपासणी इथे नसते. हरकत घ्यायची ती निकालाच्या आधी, उत्तरतालिका जाहीर होते त्या मोजक्या दिवसांत, लॉगिनमधूनच आणि शुल्क भरून.

कार्ड आलं, अर्ज राहिला

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सीईटी दिली, कार्ड आलं, आता कॉलेजचा फोन येईल म्हणून मुलं थांबून राहतात. फोन येत नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची म्हणजे कॅपची नोंदणी वेगळी, तिचं शुल्क वेगळं, कागदपत्रांची छाननी वेगळी. ती केल्याशिवाय 95 पर्सेंटाइलवाल्याचंही नाव गुणवत्ता यादीत येत नाही. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी समाजातल्या मुलांना जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते ठाण्याच्या तपासणी समितीकडून येतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून त्याची फाइल परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच पुढे सरकवायला हवी. कुणबी, आगरी मुलांनी नॉन-क्रीमीलेअरवरची मुदत पाहून घ्यावी.

बाकीच्या परीक्षांची कार्डं

एमटेकसाठीच्या गेटचं कार्ड निराळं. त्यावर 100 पैकी मार्क असतात आणि शेजारी 1000 पैकी गेट स्कोअर. पात्रतेपुरते मार्क मिळाले की स्कोअर 350 धरतात आणि तिथून वर मोजतात. पात्र न झालेल्यांना कार्डच मिळत नाही. ते तीन वर्षं चालतं, पण फुकट उतरवता येतं साधारण 31 मेपर्यंतच. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत 500 रुपये मोजावे लागतात. गेटचे बरेच उमेदवार नोकरीच्या गडबडीत ही तारीख चुकवतात. कॅटचं कार्ड पुढच्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत वैध असतं आणि त्यावर तिन्ही विभागांचे पर्सेंटाइल वेगवेगळे छापतात.

परदेशात शिकायचं असेल तर जीआरई. भाषा आणि गणित या दोन भागांना प्रत्येकी 130 ते 170, लेखनाला 0 ते 6. स्कोअर पाच वर्षं चालतो. तिथला पर्सेंटाइल तुमच्याहून कमी गुण मिळवणारेच मोजतो, तुमच्या बरोबरीचे धरत नाही, म्हणून सीईटीच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. शिवाय स्वतः छापलेला कागद परदेशी विद्यापीठाला अधिकृत म्हणून सहसा चालत नाही. परीक्षा घेणारी संस्था तो थेट पाठवते. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना फुकट पाठवता येतो, पुढच्या प्रत्येक नावाला डॉलरमध्ये पैसे पडतात. ती चार नावं घरून ठरवून जावीत, कारण परीक्षा संपल्यावर पडद्यावर ती विचारतात तेव्हा डोकं पार थकलेलं असतं.