एकविसाव्या दिवसाचा युरिया

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातून सोयाबीन निघाले की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गव्हाची पेरणी होते. बी आणि डीएपी एकदमच पडते. युरियाचा पहिला हप्ताही तेव्हाच जातो. प्रश्न असतो तो दुसऱ्या हप्त्याचा.

इंग्लंडमध्ये गहू ऑक्टोबरात पेरून ऑगस्टात कापतात. थंडीत पीक जवळजवळ थांबलेले असते, म्हणून तिथे नत्राची घाई फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते. आपला गहू 105 ते 115 दिवसांत कापणीला येतो. इथे दहा दिवसांचा उशीरही पीक भरून काढत नाही.

पेरणीनंतर अठरा-वीस दिवसांनी एक रोप मातीसकट उपटून, मुळे पाण्यात हलवून बघावे. बी खाली दोन इंचांवर असते आणि त्याची बारीक मुळे तिथूनच निघालेली असतात. त्याच्या वर, जमिनीच्या अगदी जवळ, खोडाला एक गाठ दिसते. त्या गाठीतून जाड, पांढरी, चकचकीत मुळे बाहेर पडू लागलेली असतात. हीच मुकुटमुळे. पीक पुढे जगते ते यांच्यावर, आणि फुटवेही याच गाठीतून येतात. किती फुटवे धरायचे आणि ओंबी किती लांब करायची हे रोप पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरवते. तेव्हा मुळाशी नत्र हवे. म्हणून 18 ते 21 दिवस. मी स्वतः तारखेपेक्षा या मुळांवर जास्त भरवसा ठेवीन, कारण पेरणी खोल गेली किंवा थंडी जास्त पडली तर दोन-चार दिवस पुढेमागे होतात.

बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची आहे. निम्मे पेरताना, निम्मे पहिल्या पाण्याला. एकरी हिशेबात दुसरा हप्ता 24 किलो नत्राचा, म्हणजे सुमारे 52 किलो युरिया. पोते आता 45 किलोचे येते, त्यामुळे एक पोते आणि वर सात किलो.

टाकण्याची पद्धत वेळेइतकीच महत्त्वाची. युरिया ओल्या जमिनीवर उघडा पडला की एक-दोन दिवसांतच त्याचा अमोनिया होऊ लागतो, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो हवेत लवकर उडतो. म्हणून आधी खुरपणी, मग दव वाळल्यावर युरिया, आणि त्याच दिवशी हलके पाणी. सकाळच्या दवात फेकला तर खडे पानांना चिकटतात आणि शेंडे करपतात. पाण्याबरोबर युरिया दोन-तीन इंच खाली जातो आणि उडायचा थांबतो. मात्र सारे तुडुंब भरू देऊ नयेत. भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, नायट्रेट झालेले नत्र वायू होऊन निघून जाते, आणि खत घालूनही गहू पिवळाच दिसतो. रात्रीच्या लाइटवर पाणी पाजणाऱ्यांनी युरिया संध्याकाळी टाकावा. दुपारीच टाकून ठेवला आणि रात्री मोटार चाललीच नाही, तर पैसा उघड्या रानात पडून राहतो.

जिरायती गव्हाला मात्र हा हिशेब लागू नाही. पुढे पाणीच नसेल तर दुसरा हप्ता कोरड्या मातीत तसाच पडून राहील, म्हणून सगळे नत्र पेरणीलाच, तेही कमी, ओलीत पेरून द्यावे.

खपलीवाल्यांनी हात आखडताच ठेवावा. जुनी खपली उंच वाढते. जास्त नत्राने काडी लांब आणि मऊ होते, आणि ओंब्या भरल्यावर एका वाऱ्यात रान आडवे होते. धारवाड कृषी विद्यापीठाचे डीडीके 1025 आणि डीडीके 1029 हे वाण बुटके आहेत, ते जरा जास्त सोसतात. पण साध्या गव्हाचा डोस त्यांनाही लावू नये.

पोटरीच्या सुमारास, साठाव्या दिवसाच्या आसपास, पान फिके वाटले तर जमिनीतून युरिया घालून फुटवे वाढणार नाहीत. त्यावेळी दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया विरघळवून ऊन उतरल्यावर फवारावा. पान तो सरळ घेते आणि दाण्यातल्या प्रथिनाला त्याचा उपयोग होतो.