पोलोच्या मैदानावर घड्याळाची काच फुटली, आणि जगाला मिळालं ‘उलटं होणारं’ घड्याळ!

१९३० च्या आसपासची गोष्ट. भारतातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना पोलोचं भलतंच वेड होतं. घोडा भरधाव, हातात लांब दांडा. त्यात चेंडू मनगटावर बसला, की घड्याळाची काच गेलीच म्हणून समजा.

घड्याळांचे स्विस व्यापारी सेझार द त्रे तेव्हा भारतात आले होते. असं सांगतात, की एका सामन्यानंतर एका अधिकाऱ्यानं त्यांना आपलं फुटलेलं घड्याळ दाखवलं आणि विचारलं, “खेळताना टिकेल असं काही बनवता येईल का?”

द त्रे हा प्रश्न घेऊन स्वित्झर्लंडच्या लकूल्त्र कंपनीकडे गेले. आज ही कंपनी जेजर-लकूल्त्र म्हणून ओळखली जाते, आणि त्या घड्याळाचं नाव ‘रिव्हर्सो’.

काचेवर जाळी किंवा जाड झाकण बसवणं हा सोपा उपाय होता. पण मग घड्याळाचा सगळा रुबाबच गेला असता! फ्रेंच अभियंते रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी वेगळीच शक्कल लढवली. घड्याळ बाजूला सरकवायचं, स्वतःभोवती फिरवायचं आणि चौकटीत पुन्हा बसवायचं. काच आत, धातूची पाठ बाहेर. ४ मार्च १९३१ ला पॅरिसमध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज झाला.

घड्याळाला आयताकृती आकार आणि वर-खाली सरळ आडव्या रेघा होत्या. तेव्हाच्या ‘आर्ट डेको’ शैलीत हे चपखल बसलं. पाठीच्या कोऱ्या धातूवर लोक नावं, बोधचिन्हं, चित्रं कोरून घेऊ लागले. म्हणजे जे तंत्र संरक्षणासाठी होतं, तेच घड्याळाचं सौंदर्य ठरलं.

मग घड्याळ विस्मरणात का गेलं?

काळानुसार आवड बदलली आणि गोल घड्याळं चालू लागली. त्यात १९६९ साली जपानच्या सेको कंपनीनं क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ आणलं. पुढे अशी घड्याळं स्वस्त होत गेली, आणि वेळही चावीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक दाखवायची. स्विस घड्याळ उद्योगाचं कंबरडंच मोडलं.

१९७२ मध्ये इटलीतले विक्रेते जॉर्जो कोर्व्हो यांना कारखान्यात रिव्हर्सोच्या सुमारे २०० रिकाम्या केस पडून असलेल्या दिसल्या. त्यांनी त्या विकत घेतल्या, आत यंत्रं बसवून घेतली, आणि इटलीत ही घड्याळं हातोहात खपली. लोकांना अजूनही हे रूप हवं होतं!

पण नुसत्या जुन्या रूपावर किती दिवस भागणार? म्हणून कंपनीनं चेहरा तोच ठेवला आणि आतलं सगळं सुधारायला घेतलं. १९८५ मध्ये केस नव्यानं घडवली गेली. आता ती पाणी अडवू लागली, आणि तिच्यात पन्नासहून जास्त बारीक भाग आले.

१९९४ मध्ये तर पाठीलाच दुसरी तबकडी आली. पुढे स्थानिक वेळ, मागे दुसऱ्या देशातली. गंमत म्हणजे दोन्ही तबकड्या एकाच यंत्रावर चालतात. मागचे काटे मागून पाहताना नीट फिरावेत, म्हणून पुढच्या बाजूच्या हिशेबानं ते उलटे फिरवावे लागतात. त्यासाठी जास्तीची चाकं बसवायची, तीही घड्याळ जाड न होता. खरी कसोटी इथेच असते.

२०२१ मध्ये कंपनीनं चार तबकड्यांचं रिव्हर्सो आणलं. त्यात वेळ आणि तारखेखेरीज चंद्राच्या हालचालीही दिसतात. अशी फक्त १० घड्याळं बनवली गेली.

यातून काय कळतं?

आज अचूक वेळ मोबाइलवर फुकट दिसते. त्यामुळे लाखो रुपयांचं घड्याळ केवळ तंत्रावर विकलं जात नाही. आणि नुसतं दिसणं असेल, तर हुबेहूब नक्कल बाजारात यायला वेळ लागत नाही. रिव्हर्सोनं मधली वाट काढली. दुरूनही ओळखू येईल असं रूप कायम ठेवायचं, आणि नवं तंत्र त्याच चौकटीत बसवून दाखवायचं.

गंमत बघा, ज्या पोलोसाठी हे घड्याळ बनलं, तो खेळताना आज क्वचितच कुणी ते घालत असेल. तरीही हातात आलं, की माणूस ते एकदा तरी उलटं करून बघतोच!