स्वादुपिंड : एका अवयवात दोन ग्रंथी

घरात ‘ग्रंथी’ हा शब्द बहुधा थायरॉईडचा रिपोर्ट आल्यावरच कानावर पडतो. खरं तर घाम, अश्रू, लाळ हीसुद्धा ग्रंथींचीच कामं. रक्तातून कच्चा माल घेऊन उपयोगी पदार्थ बनवून सोडणारा पेशींचा समूह म्हणजे ग्रंथी. (घसा दुखताना गळ्याला येतात त्या लसीकेच्या गाठी. त्यांतून असा स्राव होत नाही, म्हणून त्या यात धरत नाहीत.)

वर्गीकरण करताना माल कुठून बाहेर पडतो ते बघायचं. नळी असेल तर ग्रंथी बहिःस्रावी, जशी लाळग्रंथी. नळी नसेल आणि स्राव थेट रक्तात जात असेल तर अंतःस्रावी. थायरॉईड, पिट्युटरी, अ‍ॅड्रिनल या दुसऱ्या गटातल्या. त्यांच्या स्रावाला संप्रेरक, म्हणजे हार्मोन म्हणतात.

स्वादुपिंड मात्र दोन्ही गटांत बसतं. जठराच्या मागे आडव्या असलेल्या या अवयवाचा बहुतेक भाग पाचकरस करून नळीने लहान आतड्यात सोडतो. मध्ये मध्ये पेशींची छोटी बेटं आहेत, एकूण वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. ती १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिली. त्यांचं काम काय, हे त्याला कळलं नव्हतं. इन्सुलिन तिथेच तयार होतं.

१८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. मग अनेकांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून पाहिला, पण भरवशाचं औषध हाती येईना. अवयव वाटला की पाचकरस आणि इन्सुलिन एकत्र येणार, आणि इन्सुलिन पडलं प्रथिन! पाचकरस ते फस्त करणार, अशी शंका होती. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळीच बांधून टाकली. पाचकरसाच्या पेशी सुकतील आणि बेटं तगतील, हा हिशोब. पुढे अल्कोहोल वापरून ताज्या स्वादुपिंडातूनही इन्सुलिन काढता आलं आणि कॉलिप यांनी ते शुद्ध केलं. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते टोचलं. पहिला अर्क अशुद्ध निघाला. काही दिवसांनी दिलेल्या शुद्ध अर्काने साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

माझी मावशी विचारते, “थायरॉईडची गोळी चालते, मग इन्सुलिनला रोज सुई का?” कारण तेच. थायरॉईडचं हार्मोन लहान रेणूचं, ते पचनातून निभावतं. इन्सुलिन गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं.

मग हा पाचकरस स्वादुपिंडालाच का खात नाही? त्यातलं ट्रिप्सिन तिथे निष्क्रिय रूपात बनतं आणि आतड्यात पोचल्यावर जागं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले धोकादायक कोड असाच बंद ठेवून पाठवतो. ते आधीच जागं झालं तर स्वादुपिंडाला सूज येते, पोटात असह्य कळा येतात. दारू आणि पित्ताशयातले खडे ही त्याची नेहमीची कारणं. कळ पाठीपर्यंत जात असेल तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.