ताप उतरला, पण थकवा गेला नाही? मग एक वही घ्या



भांडवल, मार्केटिंग, जीएसटी, उधारी वसुली यावर आपण चॅनेलवर भरपूर बोलतो. या आठवड्याचा व्हिडिओ मात्र वेगळ्या भांडवलावर आहे: तुमचं शरीर. नोकरीत सिक लीव्ह असते. दुकानात? शटर खाली म्हणजे गल्ला शून्य. त्यामुळे डेंग्यू असो, चिकुनगुनिया असो की कोविड, ताप उतरला की दुसऱ्या दिवशी आपण काउंटरवर हजर.

बहुतेकांचं निभावतं. काही दिवसांत गाडी रुळावर येते. पण काही जणांची येत नाही. महिने जातात, रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी माल लावताना हात भरून येतात, हिशेब करताना आकडे डोक्यात राहत नाहीत आणि रात्रभर झोपूनही सकाळी तितकंच दमलेलं वाटतं. घरचे म्हणतात, "आळस आलाय." शेजारचा दुकानदार म्हणतो, "टेन्शन घेऊ नकोस." पण हा आळस नाही. आणि हे जगाला पटवून देण्यात सर्वात मोठा वाटा कुणाचा, माहितीय? खुद्द रुग्णांचा. त्यांनी ते कसं केलं आणि त्यातून आपण धंदेवाल्यांनी काय घ्यायचं, ते आज सांगते.

आधी आपल्या महाराष्ट्रातलं

चिकुनगुनिया आपल्याला नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो जवळजवळ गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परत आला. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे. अर्थ साधारण असा, की माणूस दुखण्याने वाकून जातो. आपल्या द्रोणागिरीत ड्रममध्ये, टाक्यांत, बांधकामाच्या ठिकाणी साठवलेलं पाणी दिसतं ना, तिथलाच एडिस डास तो पसरवतो.

२००६ च्या साथीत पुण्याच्या संधिवात तज्ज्ञांनी बावी नावाच्या गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. तिथेच न थांबता पुढे दोन वर्षं ते त्या लोकांच्या संपर्कात राहिले. बहुतेक लोक बरे झाले, पण काही थोड्या जणांची सांधेदुखी वर्षानंतरही, दोन वर्षांनंतरही राहिली. आता विचार करा. फक्त दवाखान्यात येणारे मोजले असते, तर काय झालं असतं? खेडेगावातला माणूस दोन-तीन फेऱ्यांनंतर दवाखान्यात जाणंच सोडतो. तो आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरलं गेलं असतं. आपल्याकडे गिऱ्हाईक यायचं बंद होतं, तेव्हा ते खूश असतं का? नाही. ते फक्त बोलत नाही. विचारायला आपल्यालाच जावं लागतं.

आजाराला नाव दिलं रुग्णांनी

कोविडच्या सुरुवातीला समज असा होता की सौम्य आजार असेल तर दोन आठवड्यांत माणूस बरा. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व संशोधक महिलेने स्वतःच्या अनुभवावरून ट्विटरवर 'लाँग कोविड' हा शब्द वापरला. आज डॉक्टर, सरकारं सगळे तोच वापरतात.

त्याच काळात, स्वतः आजारी असलेल्या आणि संशोधनाची माहिती असलेल्या काही जणांनी एकत्र येऊन प्रश्नावली तयार केली. ५६ देशांतल्या ३,७६२ जणांची उत्तरं त्यात आली आणि २०२१ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यात २०० हून जास्त लक्षणं नोंदली गेली. प्रश्न विचारणारेच भोगणारे होते, म्हणून काय विचारायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

टार्गेट मध्येच बदललं तर?

दीर्घ थकव्याचा आजार कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. डॉक्टरी भाषेत त्याला एमई-सीएफएस म्हणतात. बऱ्याच जणांना तो विषाणूच्या तापानंतरच सुरू होतो. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचा सूर असा की समुपदेशन घ्या, व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत न्या, फायदा होतो. पुढच्या लेखात सांगितलं गेलं की अशा उपचारांनी २२ टक्के लोक बरे झाले.

रुग्ण म्हणाले, आमचा अनुभव उलटा आहे. व्यायाम वाढवला की आम्ही कोसळतो. शिवाय त्यांच्या लक्षात आलं, की 'बरा' कुणाला म्हणायचं याची व्याख्या आधी ठरली होती तशी राहिलेली नव्हती, ती सैल केली होती. बीबीएला आम्हाला शिकवायचे, टार्गेट महिन्याच्या सुरुवातीला लिहून ठेवा. महिनाअखेरीला टार्गेटच खाली आणून "पूर्ण झालं" म्हटलं तर तो हिशेब खरा धरायचा का?

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहिती अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. प्रकरण लवादापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये आकडे देण्याचा आदेश झाला. आधी ठरलेल्या मापाने पुन्हा मोजलं, तेव्हा बरे झालेले निघाले समुपदेशनाच्या गटात ७ टक्के आणि व्यायामाच्या गटात ४ टक्के. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक सूचना काढली. या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा कार्यक्रम देऊ नका, असं त्यात स्पष्ट आहे.

वही कशासाठी?

या आजाराची खूण अशी की झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की त्याचा फटका लगेच बसत नाही. अनेकदा बारा तासांनी, एक-दोन दिवसांनी बसतो. रविवारी तुम्ही अख्खं गोडाऊन लावलं, ठणठणीत होतात. मंगळवारी उठवत नाही. दोन्हींचा संबंध कुणाच्याच लक्षात येत नाही, तुमच्याही नाही. लिहिलेलं असेल तरच येतो. अगदी उधारीसारखं! माल आज गेला, तोटा महिन्याने दिसतो.

म्हणून रोज झोपायच्या आधी दोन मिनिटं:

१. आज काय काम केलं? उभं राहणं, उचलणं, प्रवास, हिशेब, वादावादी सगळं. डोक्याचं कामही कामच.
२. झोप किती झाली? उठल्यावर ताजं वाटलं का?
३. दहापैकी ताकद किती? सकाळी आणि रात्री.
४. दुखणं, चक्कर, धडधड, विसरणं यातलं काय झालं?

तीन-चार आठवड्यांत तुमची मर्यादा कागदावर दिसायला लागेल. मग तिच्या आतच काम करायचं. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी दुप्पट काम ओढायचं नाही.

हीच वही डॉक्टरांकडे न्या. "खूप थकवा आहे" आणि "गेल्या महिन्यात सहा वेळा, जड कामानंतर दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही" यात फार फरक आहे. पण वही हा उपचार नाही, हे लक्षात ठेवा. रक्तक्षय, थायरॉइड, साखर, टीबी यांनीही थकवा येतो, त्यामुळे तपासणी आधी. चिकुनगुनियाच्या सांधेदुखीचा मार्गही वेगळा असू शकतो, त्यात व्यायाम किती करायचा ते डॉक्टरच सांगतील.

धंद्याची सोय

काउंटरमागे उंच स्टूल ठेवा. माल एका दिवशी न मागवता दोन-तीन हप्त्यांत मागवा. दुकानाची वेळ कमी करायची असेल तर पाटी लावून करा, गिऱ्हाईक समजून घेतं. सप्लायरचे नंबर, दर, कुणाची किती उधारी हे सगळं घरातल्या दुसऱ्या एकाला माहीत हवं. आणि तुमचा हेल्पर तापातून उठून "शेठ, अजून जमत नाही" म्हणाला, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी एक वही त्याच्याही हातात द्या.

इतकी वर्षं या रुग्णांना "मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागलं. ते नुसते चिडून बसले नाहीत. त्यांनी लिहिलं, मोजलं, हिशेब मागितला. २०२५ मध्ये एडिनबरामधल्या ज्या अभ्यासाने १५,५७९ रुग्णांच्या डीएनएतून या आजाराशी जोडलेल्या आठ जागा शोधल्या, त्याच्या आखणीतही रुग्ण सुरुवातीपासून बरोबर होते. अजून औषध सापडलेलं नाही. पण आता त्यांना खोटं ठरवणं सोपं राहिलेलं नाही.

तुमच्या गल्ल्याची नोंद तुम्ही रोज करता. आजपासून तुमच्या ताकदीचीही करा.