लोणारच्या मातीतला साक्षीदार : इरिडियम

बुलढाणा जिल्ह्यात मौल्यवान धातूंचा विषय निघाला की बोलणे खामगावच्या चांदीवर जाते. पण याच जिल्ह्यातल्या लोणार विवराच्या अभ्यासात चांदीहून कितीतरी दुर्मीळ असा एक धातू कामाला येतो. त्याचे नाव इरिडियम. पृथ्वीच्या कवचात हजार टन खडकामागे तो जेमतेम एक ग्रॅम भरतो. लोणारला त्याची खाण नाही आणि कधी निघणारही नाही. तरीही आकाशातून काय कोसळले याचा तपास करणाऱ्यांना हा धातू हवा असतो, आणि तोही नेमका इतका विरळ असतो म्हणूनच.

इरिडियम सापडले ते टाकाऊ समजल्या गेलेल्या गाळात. कच्चे प्लॅटिनम अम्लराजात विरघळवले की तळाशी काळी भुकटी उरे. सोन्यालाही विरघळवणारे हे आम्लांचे मिश्रण त्या भुकटीपुढे हात टेकत असे. बऱ्याच जणांनी ती ग्रॅफाइट समजून बाजूला सारली. लंडनच्या स्मिथसन टेनंट यांनी 1803 साली तिच्यातून दोन नवे धातू वेगळे केले, ऑस्मियम आणि इरिडियम. दुसऱ्याच्या क्षारांचे रंग इतके नाना प्रकारचे होते की त्याला ग्रीक पुराणांतल्या इंद्रधनुष्याच्या देवतेचे, आयरिसचे, नाव मिळाले.

हा धातू जड, कठीण आणि ठिसूळ आहे. एक लिटरची बाटली त्याने भरली तर तिचे वजन साडेबावीस किलोंच्या वर जाईल. घनतेत त्याच्या किंचित पुढे आहे तो फक्त ऑस्मियम. लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियमला 2446 अंश लागतात. त्याला गंज चढत नाही. म्हणून 1889 साली किलोग्रॅमचे जागतिक प्रमाण ठरलेला ठोकळा 90 टक्के प्लॅटिनम आणि 10 टक्के इरिडियम यांच्या मिश्रधातूचा होता. 2019 पर्यंत जगाचे वजन त्यावरच ठरत होते. त्याची भारताला मिळालेली 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. जुन्या शाईपेनांच्या निबेच्या टोकाला इरिडियम-ऑस्मियमचा कठीण कण बसवलेला असे. आज हा धातू गाड्यांच्या स्पार्क प्लगमध्ये, स्फटिक वाढवण्याच्या मुशींमध्ये आणि पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांत वापरतात. जगात वर्षाला त्याचे सात-आठ टनच उत्पादन होते. तेही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनम काढताना मिळणारे जोडउत्पादन म्हणून.

इतकी टंचाई का? इरिडियमची ओढ लोखंडाकडे असते. पृथ्वी नवी आणि वितळलेली होती, तेव्हा लोखंड केंद्राकडे बुडाले आणि जाताना इरिडियमलाही घेऊन गेले. वरचे कवच कोरडे राहिले. ज्या लघुग्रहांचे असे वितळून थर पडले नाहीत, त्यांच्यात मात्र हा धातू मूळ प्रमाणात टिकला. कोंड्राइट जातीच्या उल्केत साधारण दोन टनांमागे एक ग्रॅम, म्हणजे आपल्या कवचाच्या पाचशे पट. म्हणूनच एखाद्या थरात इरिडियम अचानक वाढले, तर ते वरून आल्याचा संशय बळावतो.

लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह 1980 साली हेच सूत्र मांडले. इटलीतल्या गुब्बिओजवळच्या चिकणमातीच्या पातळ थरात इरिडियम नेहमीच्या सुमारे तीस पट भरले. तो थर डायनोसॉर नाहीसे झाले त्या काळाचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. मोजणीसाठी नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करून त्यातले इरिडियम किरणोत्सारी केले आणि त्यातून निघणारे गॅमा किरण मोजले. अशा माऱ्यातून बनणारे इरिडियम-192 कर्करोगाच्या उपचारात आणि वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी करायलाही वापरतात.

गंमत अशी की आकाशातून आदळलेल्या लघुग्रहाखेरीज डायनोसॉरांच्या अंताचा दुसरा आरोपी आपल्याच पायाखाली आहे. दख्खनचे लाव्हापठार त्याच काळात घडले आणि बुलढाण्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्याचाच भाग. कच्छमधल्या अंजारला याच लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इरिडियमचे पट्टे सापडले आहेत.

लोणारचा आघात त्याच्या पुष्कळ नंतरचा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात ते ज्वालामुखीचे मानले जाई. 1973 साली कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या खडकांत मास्केलिनाइट दाखवले. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाची काच झाली की ते तयार होते. आघात सिद्ध झाला, पण आदळणारा गायब होता. 2009 साली काठावरच्या मातीतल्या एक मिलिमीटरहून लहान काचगोळ्यांत निकेल मूळ बेसाल्टच्या 14 पटींपर्यंत आढळले. आदळलेली उल्का कोंड्राइट जातीची असावी, असे त्यावरून दिसले.

पण निकेल बेसाल्टमध्येही थोडेफार असतेच. बाहेरचा वाटा अगदी अल्प असेल तर तो त्यात हरवून जातो. इरिडियमच्या बाबतीत खडकाची पाटी जवळजवळ कोरी असते, म्हणून हजारातला एखादा अंशही उठून दिसतो. लोणारला आघाताने वितळलेल्या खडकांतले इरिडियमच्या गटाचे धातू आणि ऑस्मियमची समस्थानिके 2016 मध्ये मोजली गेली, तेव्हा त्यांत उल्केचा अंश फारच क्षीण निघाला. याचे नवल नाही. अशा वेगाच्या धडकेत आदळणाऱ्याचा बराचसा भाग वाफ होऊन विखुरतो.

चंद्र आणि मंगळावरची असंख्य विवरे बेसाल्टमध्येच आहेत. तिथल्या नमुन्यांत उल्केचा अंश कसा ओळखायचा, याचा सराव पृथ्वीवर लोणारसारख्या फार थोड्या जागी करता येतो. तो सराव काठावरच्या त्या बारीक गोळ्यांवर अवलंबून आहे. गोळा कोणत्या थरातला, हे ठाऊक असेपर्यंतच तो पुरावा असतो. लोणारहून आठवण म्हणून दगड उचलून आणणाऱ्याच्या खिशात फक्त काच येते, आणि मातीतला एक साक्षीदार कमी होतो.