हिऱ्यावाचून साखरपुडा
तीन पिढ्या आमची पेढी हिऱ्यांची, आणि होणारी सून नम्रपणे म्हणाली, "काका, अंगठीत हिरा नको." क्षणभर मन खट्टू झाले, मग पर्याय पाहू लागलो. मोती द्वींद्रिय जीवाच्या देहातून काढलेला. त्यास आमच्या सौभाग्यवतींनीच नकार दिला. पाचू देखणा, परंतु ठिसूळ; नित्य वापरात कडा तुटतात. प्रयोगशाळेत घडविलेला हिरा हिराच. मात्र विकावयास गेल्यास हाती फारसे येत नाही, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे. नीलमाचे काठिण्य 9, हिऱ्याचे 10. 1981 साली इंग्लंडच्या डायानाच्या साखरपुड्याला सिलोनचा नीलमच होता. पण आजी म्हणाल्या, "नीलम म्हणजे शनी!" अखेर माणिक ठरले; तेही कुरुंदच, रंग तेवढा निराळा. तापविलेले आहे काय, हे प्रमाणपत्रात पाहूनच घेतले.